पडद्याची दोरी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच पंढरपुरास कार्तिकीची चाहूल लागते. घरोघरी वारकरी उतरू लागतात, तंबू-राहुट्या उभ्या राहतात, आणि कुंकू-बुक्क्याच्या, चुरमुऱ्या-बत्ताशांच्या दुकानांतून माणसाला मान वर करावयास सवड मिळत नाही. वर्षाची निम्मी कमाई ज्या दोन वाऱ्यांवर अवलंबून, त्यांतली ही दुसरी. आणि नेमका हाच हंगाम आपल्या हौशी नाटकवाल्यांचाही! ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याची ही आठवण. तो साजरा झाला, नटराजापुढे नारळ फुटला, की राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांचे वेध लागतात. पंढरपूरच्या माणसाला स्पर्धेचे नाटक करावयाचे तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरचे सोलापूर गाठावयाचे. म्हणजे एकीकडे दारात पाहुणे, दुसरीकडे दुकानात गिऱ्हाईक, आणि तिसरीकडे तालीम.

अशा ओढाताणीत नट तालमीला येतो, यात नवल नाही. त्याला भूमिका आहे, टाळ्या आहेत, जमलेच तर रौप्यपदक आहे, आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येण्याचा संभव आहे. नवल आहे ते दुसऱ्याच माणसाचे. ज्याला एकही वाक्य नाही, ज्याला अंधारात उभे राहावयाचे आहे, ज्याच्या अंगावर प्रकाश पडला तर तीच चूक गणली जाते, तोही येतो. सर्वांच्या आधी येतो आणि सर्वांच्या नंतर जातो. या महिन्याच्या गप्पा त्याच्याविषयी आहेत.

बॅकस्टेजचा माणूस म्हणजे नेमके काय करतो, हे बऱ्याच प्रेक्षकांना ठाऊक नसते. नाटकाच्या भाषेत ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, ती गोळा करणे हे त्याचे पहिले काम. या शब्दाने कोणी दचकू नये. ही प्रॉपर्टी म्हणजे मोडका टेलिफोन, दोन खुर्च्या, एक छत्री, औषधाच्या चार बाटल्या आणि तिसऱ्या अंकात फुटावयाची कपबशी. कपबशी रोजच्या तालमीला फोडता येत नाही, म्हणून ती शेवटच्या दिवशीच येते. आणि नेमकी त्याच दिवशी ती फुटत नाही, हाही अनुभव जुना आहे. सोफा लागला तर ज्याच्या घरी नवा सोफा आला असेल त्याच्या घरी आधी चहाला जावयाचे, मग सोफ्याची स्तुती करावयाची, आणि निघताना हळूच विषय काढावयाचा. पंढरपुरात एक सोय मात्र मोठी. पौराणिक वा संतचरित्रावरचे नाटक असले, तर वीणा, टाळ, मृदंग, समया, पाट, चौरंग यांची ददात नाही. मागाल त्या मठात खरी वस्तू मिळते. उलट आधुनिक नाटकातला दिवाणखाना उभा करावयाचा म्हटले, की जिवावर येते!

वस्तू आणली म्हणजे काम संपले असेही नाही. ती विंगेत कोठे ठेवावयाची, कोणत्या क्षणी कोणाच्या हातात द्यावयाची, आणि दोन प्रवेशांमधल्या अर्ध्या मिनिटाच्या अंधारात काय उचलून काय मांडावयाचे, याचे पाठांतर नटाच्या संवादांइतकेच पक्के लागते. अंधारात खुर्ची वीतभर सरकली, तरी प्रकाशाचा झोत रिकाम्या जागेवर पडतो आणि नट बिचारा काळोखात भाषण करीत राहतो.

प्रकाशाचे तर निराळेच पुराण आहे. आज भाड्याने मिळणारे दिवे आणि बटणांचे फलक आले. पण पूर्वी लहान गावच्या संस्थांपाशी डिमर कोठला? तेव्हा मिठाच्या पाण्याचा डिमर चाले. मातीच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात मिठाचे पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. एक खाली बसवलेली. दुसरी हळूहळू खाली सोडली की दिवा उजळत जाई, वर ओढली की मंदावत जाई. प्रेक्षकांना वाटे, सूर्य मावळला. विंगेत मात्र एखादा तरुण उघड्या विजेच्या पाण्यापाशी उकिडवा बसलेला असे, आणि सूर्य त्याच्या बोटांच्या टोकावर मावळत असे. हात ओला असला, पायाखाली कोरडी फळी नसली, तर पुढचा प्रसंग नाटकातला राहत नसे. हे सारे हौसेने चाले. त्याला पगार नव्हता, विमा नव्हता. घरून ‘जपून रे’ एवढे म्हणणारी आई तेवढी होती.

प्रॉम्प्टरचीही अशीच गोष्ट. नट वाक्य विसरला की ते सुचवावयाचे, इतके हे काम सोपे नाही. नट थांबला, तो अभिनयाने थांबला की विस्मरणाने, हे त्याला श्वासावरून ओळखावे लागते. अभिनयाच्या थांबण्यात वाक्य सुचविले तर नट डोळे वटारतो, आणि विस्मरणाच्या थांबण्यात सुचविले नाही तर घाम पुसतो. शिवाय आवाज नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या परीक्षकांना ऐकू जाता कामा नये. मी अशा एका प्रॉम्प्टर गृहस्थांना ओळखतो. पुढे त्यांचे कान मंदावले, तेव्हा ते ओठांच्या हालचालीवरून काम चालवू लागले. आणि नाटकाच्या त्या खोड्यांना त्यांनी कधी दाद दिली नाही.

बायकांचा वाटा तर मोजणीतच येत नाही. नाटकातली नऊवारी कोणाच्या तरी वहिनीची असते. ती इस्त्री करून देते, नेसवून देते, आणि परत आल्यावर तिच्यावरचा रंगाचा डाग लिंबाने घासत बसते. नटीचे तान्हे मूल रंगपटात कोणीतरी मांडीवर थोपटत असते. ते रडू नये म्हणून तीन अंक जी बाई येरझारा घालते, तिचे काम नेपथ्यात धरावे की पार्श्वसंगीतात? स्पर्धेच्या नियमांत त्याला रकाना नाही.

जुन्या नाटक मंडळ्यांच्या काळी असे नव्हते. किर्लोस्कर नाटक मंडळी घ्या किंवा १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी घ्या. मंडळी म्हणजे एक चालते-बोलते बिऱ्हाड असे. पडदे सांभाळणारा, कपडे सांभाळणारा, दिवे लावणारा, सामान बांधणारा असे सर्व लोक पदरी असत आणि त्या-त्या कामाचा पगार खात. दैवाने मंडळी डबघाईला आली तर तो पगार थकत असेल, पण त्याचा हिशेब वहीत असे. हौशी रंगभूमीला ही चैन परवडणारी नव्हती. १९५४ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केल्या. गावोगावच्या शिक्षकांना, कारकुनांना, दुकानदारांना, वकिलांना एक मोकळे अंगण मिळाले. त्या अंगणातून किती नाटककार, नट आणि दिग्दर्शक पुढे आले हे सांगावयास नको. पण पगारी माणूस गेला तेव्हा त्याचे काम कोठेच गेले नाही. ते मित्रांच्या अंगावर आले. हौशी रंगभूमी उभी राहिली ती या मित्रांच्या खांद्यावर.

विजय तेंडुलकरांनी हा माणूस बरोबर हेरला होता. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे त्यांचे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने राज्य नाट्यस्पर्धेसाठी केले, आणि त्याचा विषयही एका हौशी नाटकवाल्या मंडळींचाच. त्यात बाळू रोकडे नावाचा एक पोर आहे. काशीकर दांपत्याच्या आश्रयाला राहिलेला, साऱ्यांची कामे करणारा आणि साऱ्यांची बोलणी खाणारा. बेणारेबाईंची शोकांतिका पाहून आपण गहिवरतो, ते योग्यच आहे. पण बाळूकडे पाहून प्रत्येक नाट्यसंस्थेच्या चिटणिसाने क्षणभर खाली मान घालावी, इतके ते चित्र खरे आहे. आपल्या संस्थेत असा एखादा बाळू नाही, असे छातीला हात लावून किती जण सांगतील?

पंढरपुरातल्या एका पडदेवाल्यांची आणि माझी ओळख आहे. त्यांना सारे काकाच म्हणतात. मंदिराच्या वाटेवर बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा यांचे त्यांचे लहानसे दुकान आहे. कार्तिकीत गिऱ्हाईक सोडणे म्हणजे त्यांना घरातला दाणा सोडण्यासारखे. तरी स्पर्धेची तारीख आली की दुकान मुलाच्या हाती देऊन काका ट्रकमध्ये फ्लॅट आणि फळ्यांच्या मधोमध बसून सोलापुरास येतात. हुतात्मा स्मृती मंदिरात पोचल्याबरोबर ते प्रथम पडद्याची दोरी पाहतात, कप्पी फिरते की नाही ते पाहतात, मग चहा घेतात. पडदा किती वेगाने पडावा यावर त्यांची स्वतःची मते आहेत. विनोदी अंकाचा पडदा झटक्यात पडला पाहिजे, नाहीतर हशा विरतो. आणि करुण अंकाचा पडदा असा यावा, की प्रेक्षकाला वाटावे आपलीच पापणी मिटते आहे. मी त्यांना एकदा विचारले, “काका, एवढे करता, पण पत्रिकेवर तुमचे नाव का नाही?” ते हसून म्हणाले, “पडदा वेळेवर पडला तर नाव कशाला लागतंय? आणि नाही पडला, तर समद्यांच्या तोंडी माझंच नाव असतंय की!”

काकांचे उत्तर थोर आहे, पण ते ऐकून आपण समाधान मानून घरी जावे काय? मला तसे वाटत नाही. माणसाने स्वतःचे नाव मागू नये, हे त्याचे मोठेपण. इतरांनी ते विचारूही नये, हा मात्र कोतेपणा झाला.

‘अहो, ही सेवा आहे, आणि सेवेला नाव नसते,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पंढरपुरात तर फारच. त्यांना मी त्यांच्याच गावची गोष्ट सांगतो. विठ्ठलाच्या नित्योपचारांची जुनी मांडणी पाहावी. पूजा करणारे पुजारी, मंत्र म्हणणारे बेणारी, स्नानाचे पाणी आणणारे परिचारक, पदे गाणारे हरिदास, पोशाख झाल्यावर देवापुढे आरसा धरणारे डिंगरे, दिवटी धरणारे दिवटे, हाती चांदीची काठी घेऊन उभे राहणारे डांगे. नाटकवाल्याने ही यादी वाचावी म्हणजे त्याला हसू येईल. आरसा, कपडे, पाणी, गाणे, प्रकाश, दारावरचा माणूस! सारी बॅकस्टेजची खातीच ती. देव मध्यभागी विटेवर उभा. त्याच्या भोवती ही कामे वाटून दिलेली. आणि त्यांतले कोणतेही काम निनावी नाही. नुसता आरसा धरण्याचे काम, पण त्यावरून घराण्याची ओळख झाली. दिवटी धरण्यावरून आडनाव पडले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. खुद्द पांडुरंगाच्या दारी सेवेला नाव होते, मान होता, आणि खरे सांगावयाचे तर उत्पन्नही होते.

त्या वंशपरंपरेच्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. जन्मावरून सेवेचा हक्क मिळावा, हे आजच्या काळात टिकणारे नव्हते. १९७३ च्या कायद्याने ते हक्क काढून घेतले, त्यावर दीर्घकाळ कोर्टकज्जे झाले, आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाद संपला. हक्क गेले ते गेले. पण काम करणाऱ्याला त्याच्या कामाच्या नावाने ओळखावे, ही त्यातली जाण मात्र टाकून देण्यासारखी नाही. नाटकाला ती उसनी घेता येईल.

आणि योगायोग असा, की त्याच २०१४ साली याच पंढरपुरात हे घडलेही. चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन तेथे भरले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी अरुण काकडे बसले. नाट्य संमेलनाचे अध्यक्ष म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर नामवंत नट, गायक, नाटककार येतात. काकडे यांची ओळख त्यांहून वेगळी. ते आधी ‘रंगायन’मध्ये होते आणि १९७१ साली अरविंद व सुलभा देशपांडे यांच्या बरोबरीने ‘आविष्कार’ उभी करणाऱ्यांपैकी एक. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ च्या सुमारास जी नाट्यचळवळ सुरू झाली आणि पुढे सतरा-अठरा वर्षे चालली, तिच्या व्यवस्थेचा भार त्यांनी वाहिला. जागा शाळेची. म्हणजे प्रत्येक वेळी नाटकासाठी सारे मांडावयाचे आणि शाळेसाठी पुन्हा आवरावयाचे. त्या चळवळीतून पुढे आलेल्या नटांची, लेखकांची, दिग्दर्शकांची नावे आज सर्वतोमुखी आहेत. दिवा लागला का, खुर्च्या आल्या का, तिकिटे गेली का, उद्याच्या प्रयोगाचे पैसे कोठून आणावयाचे, हे पाहणारा माणूस मात्र एरवी पाहुण्यांच्या रांगेतही बसत नाही. तो पंढरपुरास अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘अमका’ असे आहे. स्वतःला ‘अमका’ म्हणवून घेणाऱ्या माणसाला रंगभूमीने नावाने हाक मारली, ती या गावात. ऑक्टोबर २०१९ मध्ये काकडे गेले, तेव्हा मला त्यांच्या अध्यक्षपदापेक्षाही त्या गावाची निवड अधिक योग्य वाटली.

पण एका अध्यक्षपदाने प्रश्न सुटत नाही. राज्य नाट्यस्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला पारितोषिके आहेत आणि ती असावीतच. ती योजना करणाऱ्यास मिळतात. ज्याने ते नेपथ्य खांद्यावरून वाहिले, रात्री दोन वाजता खिळे उपसून पुन्हा ट्रकमध्ये भरले, तो टाळ्या वाजवणाऱ्यांत असतो. हल्ली तर त्याची संख्याही रोडावत चालली आहे. नोकरीसाठी पोरे पुण्यास जातात. जी राहतात त्यांना, आपण नटाहून कमी प्रतीचे म्हणून विंगेत उभे केलो आहोत, असे वाटू दिले जाते. ‘या वेळी बॅकस्टेज कर, पुढच्या वेळी भूमिका देऊ’ हे वाक्य ज्या संस्थेत उच्चारले जाते, त्या संस्थेने एक नट जोडला असेल-नसेल, एक बॅकस्टेजवाला मात्र गमावला, असे खुशाल समजावे. पडदा हे कोणाच्या भूमिकेचे प्रतीक्षालय नव्हे.

दुसरी गोष्ट पैशाची. पैसा आला की हौस गेली, असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. मानधन देणे लहान संस्थेला झेपणार नाही, हे मला कळते. परंतु सोलापूरच्या एस.टी.चे भाडे, दोन वेळचे जेवण, आणि ज्याने दुकान बंद ठेवून दिवस घालवला त्याची विचारपूस, एवढे तर झेपते! नटीच्या गजऱ्याला जो खर्च लागतो त्यात विजेचे काम करणाऱ्या मुलाचे रबरी हातमोजे येतात. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस हसतमुख असतो खरा. पण त्याच्या तव्याखाली सरपण कोणाचे जळते आहे, हे लष्कराने एकदा तरी विचारावे. नाहीतर ज्याला घरचे खाणे परवडते, तोच तेवढा या कामाला येईल. आणि बुक्क्याचे दुकान असलेले काका घरी बसतील.

म्हणून या दिवाळीत नाट्यसंस्थांच्या चिटणिसांपुढे माझे मागणे तीनच. पत्रिकेवर ‘रंगमंच साहाय्य : सर्व कार्यकर्ते’ असे मोघम छापू नये; नावे छापावीत, कागद थोडा मोठा घ्यावा. तिसऱ्या घंटेपूर्वी निवेदक जेव्हा अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि देणगीदार यांची नावे वाचतो, तेव्हा दोरी ज्याच्या हाती आहे त्याचेही वाचावे. आणि संस्थेची सभा भरेल तेव्हा बॅकस्टेजच्या एका माणसाला कार्यकारिणीत घ्यावे; म्हणजे प्रयोगाची तारीख कार्तिकी दशमीला धरण्याचा मोह कोणाला होणार नाही.

वाचकहो, तुमच्याकडेही एक लहानशी मागणी आहे. या हंगामात तुम्ही नाटकाला जालच. शेवटचा पडदा पडला, की चपला शोधण्याची घाई करू नका. पाच मिनिटे थांबा आणि बाजूच्या दाराने मागे जा. नटाभोवती गर्दी असेल; ती राहू द्या. त्याच्या पलीकडे कोणी शिडीवर उभा राहून दिवे उतरवीत असेल, कोणी तारा गुंडाळीत असेल, कोणी न फुटलेली कपबशी वर्तमानपत्रात बांधीत असेल. त्याला नाव विचारा. तो बहुधा लाजेल, ‘माझं काय, मी आपला इथंच’ असे काहीतरी म्हणेल. तरी विचारा, आणि घरी जाताना लक्षात ठेवा.